पंचेचाळीस दिवसांची मोटारसायकल



गेले दोन अंक हे सदर रिकामे राहिले, त्याबद्दल क्षमा असावी. थोरल्या लेकीकडे सिंगापूरला चार महिने राहण्याचा योग आला होता. लेक आणि जावई दोघेही कामावर, नातवंडे शाळेत. आणि ज्या माणसाने आधी परळच्या रेल्वे कारखान्यात व मग येथे इस्रायलमध्ये मिळून चाळीस वर्षे फिटरचे काम केले, त्याला बागेतील बाकावर बसून दिवस काढणे जमत नाही. असाच एके सकाळी इमारतीच्या वाहनतळात रेंगाळत असता ताडपत्रीखाली झाकलेली एक लहानशी मोटारसायकल दिसली. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये हे कळत असूनही मी ताडपत्रीचा कोपरा उचलला. फिकट हिरवी टाकी, तिच्या दोन्ही अंगांस पिवळसर पांढरा पट्टा, आणि त्यावर गंजाचे फोड. बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कंपनीची 'बँटम' होती ती. तेवढ्यात मागून कोणी तरी खाकरले.

हे तिचे मालक. वय ७९, जातीने तमिळ, सारा जन्म सिंगापूरच्या बंदरात क्रेन चालविण्यात गेलेला. शेजारीपाजारी त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. ब्रिटिश सैन्य १९७१ पर्यंत सिंगापूरचे तळ सोडून गेले. त्या आवराआवरीत, १९६९ साली, मायदेशी निघालेल्या एका शिपायाकडून त्यांनी ही गाडी घेतली. त्यानंतर ती जवळजवळ रोज चालली. पुढे पत्नी अंथरुणाला खिळली. दोन वर्षे अण्णा घर आणि इस्पितळ यांखेरीज कोठे गेले नाहीत. पत्नी गेली, आणि ताडपत्री तशीच राहिली.

बँटमविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण तिच्या कुळाची कथा आपल्या वाचकांस विचार करावयास लावील. ती दिसते इंग्रज, परंतु तिचा आराखडा जर्मन आहे. सॅक्सनीतील त्शोपाऊ येथील डी. के. डब्ल्यू. कारखान्याची 'आर. टी. १२५' ही गाडी युद्धापूर्वी तयार झाली होती. युद्धानंतर तिचे आराखडे भरपाई म्हणून जेत्यांच्या हाती आले. इंग्लंडात त्यांतून १९४८ साली बँटम निघाली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने त्यावरून छोटी गाडी काढली, रशियात 'मॉस्क्वा' निघाली, आणि जपानात यामाहाची १९५५ ची पहिली मोटारसायकलही याच वळणावर बेतलेली होती. आपल्या देशात 'शिलुमिम' हा शब्द कोणत्या भावनेने उच्चारला जातो हे आपण जाणता. येथे त्याच युद्धाची भरपाई १२३ घनसेंटिमीटरच्या इंजिनाच्या रूपाने एका तमिळ कामगाराला बंदरावर पोहोचवीत होती. असो.

आता खरी अडचण. आपल्याकडे कोकणात जुनी गाडी टाकून देणे फार सोपे. माझ्या मामांची राजदूत रेवदंड्याच्या वाडीत माडाखाली अठरा वर्षे उभी होती. तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालीत असे, आणि तिची कोणी चौकशी केली नाही. भारतात २०२१ पासून पन्नास वर्षांवरील वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणीही मिळू लागली आहे. सिंगापुरात मात्र गाडी टाकून देता येत नाही, कारण तेथे गाडी कायमची आपली नसतेच. बेट लहान. म्हणून १९९० पासून प्रत्येक वाहनास रस्त्यावर राहण्याचा हक्क विकत घ्यावा लागतो. त्यास सी. ओ. ई. म्हणतात आणि तो दहा वर्षांचा असतो. मुदत भरली की चालू भावाने पुन्हा पैसे भरा, नाही तर गाडी मोडीत काढा किंवा देशाबाहेर पाठवा. मोटारसायकलीच्या या हक्काचा भाव २०२२ मध्ये दहा हजार डॉलरांच्या वर गेला होता! पुष्कळदा गाडीहून तिचा कागद महाग पडतो. शिवाय दर वर्षी तपासणीत उत्तीर्ण झाल्यावाचून मार्गकर भरता येत नाही, म्हणजे दोन वर्षे ताडपत्रीखाली राहिलेली गाडी ही नुसती गंजलेली नसते, ती थकबाकीदारही असते.

याहून मोठा घाव २०१८ साली पडला. १ जुलै २००३ पूर्वी नोंदलेल्या मोटारसायकली धुरामुळे हळूहळू बंद करावयाच्या असे सरकारने ठरविले. ५ एप्रिल २०२३ पर्यंत जो गाडी मोडीत काढील त्यास साडेतीन हजार डॉलरांपर्यंत रक्कम देऊ केली, आणि ३० जून २०२८ नंतर अशी गाडी रस्त्यावर चालणार नाही असे जाहीर केले. अण्णांच्या मुलाने तेव्हाच गाडी देऊन टाकण्याचा आग्रह धरला होता. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. दोन मुलांचा बाप आहे, हिशेब त्यालाच करावा लागतो. परंतु त्या दिवसांत अण्णा पत्नीच्या उशाशी बसलेले होते आणि त्यांनी कोणत्याही कागदावर सही केली नाही.

मी भेटलो तेव्हा दहा वर्षांचा हक्क संपावयास पाच महिने उरले होते. एका दुकानात गाडी दाखविली, तर तेथील तरुण कारागिराने किक एकदा पायाने दाबून पाहिली आणि भंगाराचा भाव सांगितला. अण्णा काही बोलले नाहीत. घरी येताना मी म्हटले, "अण्णा, किक दाबण्याआधी तेल घालावयास हवे होते." ते थांबले. म्हणाले, "तुम्हांला पाना धरता येतो?"

अण्णांच्या एका जुन्या सोबत्याचा काकी बुकिट येथे गाळा आहे. तेथील एक कोपरा आम्हांस मिळाला. लॉरीतून गाडी नेली आणि काम सुरू झाले.

उभ्या राहिलेल्या इंजिनाला प्रथम किक मारणे हा गुन्हा आहे. पिस्टनची कडी सिलिंडरला चिकटलेली असते. बळ केले तर कडी तुटते आणि भिंतीवर ओरखडा उठतो. आम्ही स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडे पातळ तेल सोडले आणि दोन दिवस हात लावला नाही. पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविले, त्या आपल्यासारख्यांना तेलाला वेळ द्यावा लागतो हे कोणी शिकवावयास नको! तिसऱ्या दिवशी गाडी गियरमध्ये टाकून मागील चाक हाताने हळूच फिरविले, आणि पिस्टन हलला.

टाकीत पेट्रोलऐवजी तपकिरी काकवीसारखे काही तरी होते. सिंगापूरच्या दमट हवेत अर्धी रिकामी टाकी आतून फार लवकर गंजते. ती उतरवून आत मूठभर नट टाकले, शिर्का भरला आणि दोन दिवस जाता-येता हलवीत राहिलो. मग सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारला, टाकी उन्हात वाळविली आणि शेवटी थोड्या पेट्रोलने विसळली. ही शेवटची पायरी चुकविली तर तासाभरात पुन्हा गंज धरतो. कार्बुरेटरचे जेट जुन्या पेट्रोलच्या चिकीने बुजलेले. येथे तार घालण्याचा मोह होतो. घालू नये, पितळ मऊ असते आणि भोक मोठे झाले की मिश्रण कायमचे बिघडते. ब्रशचा एक केस आणि हवेचा झोत पुरतो. क्लचच्या बुचाच्या तकत्या पोलादी तकत्यांना चिकटून एकजीव झाल्या होत्या. त्या सोडवून नव्या घातल्या. कॉन्टॅक्ट पॉइंट घासले आणि फट ०.०१५ इंचावर बसविली. टायर, ट्यूब, ब्रेकच्या केबली यांत काही सांगण्यासारखे नाही. त्या बदलावयाच्याच असतात. किरकोळ वस्तूंसाठी अण्णा पूर्वी सुंगई रोडच्या जुन्या बाजारात जात. तेथे ब्रिटिश लष्कराच्या पेटाऱ्यातले पाने-खिळेसुद्धा मिळत. तो बाजार १० जुलै २०१७ रोजी कायमचा उठला. आता भाग इंग्लंडहून टपालाने मागवावे लागतात. बी. एस. ए. ने बँटम काढणे १९७१ मध्ये थांबविले, तरी तिचे भाग आजही तेथे बनतात, ही मोठी सोय.

माझी एक फजितीही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. गाडी चौथ्या किकला सुरू झाली. आम्ही दोघे म्हातारे पोरांसारखे हसलो. अर्ध्या मिनिटात इंजिन आपोआप किंचाळू लागले आणि बंद पडले. मी ठामपणे म्हटले, कार्बुरेटर. तो तीनदा खोलला, दोन दिवस वाया घालविले. शेवटी अण्णांनी प्लग काढून माझ्या हातावर ठेवला. तो चॉकलेटी असावयास हवा होता; पांढराफेक होता. दोन-स्ट्रोक इंजिनात मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमधून जाते, आणि तेथील रबरी सील वाळून कडक झाले की बाहेरची हवा आत शिरते. रेल्वेच्या वाघिणींवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे सुचले नाही; क्रेनवाल्याला सुचले. सील यावयास अकरा दिवस लागले. इंजिन पुन्हा उतरविले, पुन्हा चढविले, आणि मग ते संथपणे चालले. धूर कमी व्हावा म्हणून तेलही बेताने घातले. मूळ पुस्तकाप्रमाणे २० भाग पेट्रोलास १ भाग तेल. आजच्या तेलात २५ ला १ पुरते.

यंत्राचे काम संपले, तेव्हा अण्णांपुढे दोन वाटा होत्या. पैसे भरून हक्क वाढवावा, म्हणजे गाडी रोज चालविता येईल, पण ३० जून २०२८ पर्यंतच. किंवा पस्तीस वर्षांवरील वाहनांसाठी जी 'क्लासिक' योजना आहे तिच्यात गाडी घालावी. तिला २०२८ ची बंदी लागू नाही, परंतु वर्षातून फक्त ४५ दिवस ती रस्त्यावर आणता येते. मुलाने शांतपणे समजावले: "अप्पा, तुम्ही ७९ वर्षांचे. रोज चालवून घ्या. नंतर कोण चालविणार?" हिशेबाने पाहता त्याचेच बरोबर होते, आणि मीही मनातून त्याच्याच बाजूचा होतो. सिंगापुरात पासष्टीनंतर दर तीन वर्षांनी चालकाची वैद्यकीय तपासणी होते. अण्णांचे डोळे आणखी किती तपासण्या उतरतील कोणी सांगावे?

अण्णांनी दोन दिवस घेतले. मग म्हणाले, "रोज कोठे जाऊ? बंदरात आता कोणी ओळखीचे नाही. बाजार उठला. इस्पितळात जावयाचे नाही. पण थोरला नातू चौदा वर्षांचा आहे. १८ वर्षांचा झाला की त्याला परवाना काढता येईल." अठरा वजा चौदा हे गणित मुलालाही येत होते. २०२८ त्या आधीच उलटून जाते. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी रजा घेऊन वडिलांबरोबर कागद भरावयास बसला.

कचेरीतील फेऱ्यांचे वर्णन करीत नाही. ज्यांनी आलियानंतर येथील कचेऱ्यांत रांगा लावल्या आहेत त्यांना त्याची चव ठाऊक आहे. तपासणीत दिवा मंद म्हणून एकदा परत पाठविले. दुसऱ्या खेपेस गाडी उतरली.

माझे परतीचे विमान मंगळवारी होते. त्या आधीच्या रविवारी पहाटे अण्णा काकी बुकिटहून चांगी व्हिलेजकडे निघाले. मागे बसण्याची सोय नसल्याने मी बसने गेलो आणि पुलाऊ उबिनला जाणाऱ्या होड्यांच्या धक्क्याजवळ वाट पाहत उभा राहिलो. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. माझ्या मनात नको ते विचार येऊ लागले. तेव्हा वळणापलीकडून तो पातळ, तुटक आवाज ऐकू आला.

अण्णांचे हात कोपरापर्यंत काळे होते. वाटेत प्लगच्या टोकांमध्ये काजळीचा तंतू अडकला होता. दोन-स्ट्रोकला हा रोग असतोच. खिशातील चाकूने तो काढून ते पुढे आले होते. मी किती घाबरलो ते मी सांगितले नाही, आणि त्यांनी विचारले नाही. आम्ही चहा मागविला. त्यांनी हात पुसले, शर्टाच्या खिशातून एक छोटी वही काढली, तारीख लिहिली आणि तिच्यापुढे आकडा मांडला: ४४.