मंडईला पहाटे उठवतं कोण?

जानेवारी उजाडला की व्याख्यानांतून, कार्यालयांतल्या कार्यशाळांतून आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून एकच मांडणी दरवर्षी नव्या उत्साहाने ऐकवली जाते. माणूस रोजच्या सवयींनी घडतो. सवय एकवीस दिवसांत लागते. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षअखेरीस माणूस सदतीस पट पुढे जातो. आणि ज्याला हे जमत नाही त्याची मनोवृत्ती खुंटलेली, वाढीची नव्हे. पुण्यात या मांडणीला एक स्थानिक दाखला हमखास जोडला जातो : महात्मा फुले मंडईतली भाजीवाली बघा. शिक्षण बेताचं, घरची परिस्थिती बिकट, तरी पहाटे चारला उठते आणि कधी सबब सांगत नाही. तिला जमतं, मग तुम्हाला का नाही? इथे टाळ्या पडतात. मला या दाखल्याची चीड येते. त्यातून निघतो त्याच्या नेमका उलट निष्कर्ष तो ऐकवणारे काढतात, आणि तसं करताना त्या बाईवरही अन्याय करतात.

आकड्यांचा निकाल आधी लावू. १.०१ चा ३६५ वा घात ३७.७८ येतो, हे खरं. पण हा चक्रवाढ व्याजाचा हिशोब आहे आणि तो ठेवीला शोभतो. आज दोन किलोमीटर पळणारा माणूस या हिशोबाने पुढच्या जानेवारीत रोज पंचाहत्तर किलोमीटर पळायला हवा. एकवीस दिवसांचं मूळ तर सवयींच्या अभ्यासात नाहीच. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६० च्या आपल्या पुस्तकात नोंदवलं होतं की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात. पुढे त्यातलं ‘निदान’ गळलं, रुग्णही गळला, आकडा तेवढा उरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात मध्यक ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसांतला फरक १८ ते २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. बाविसाव्या दिवशी स्वतःला नालायक ठरवून थांबलेल्यांची जबाबदारी कोणता व्याख्याता घेणार?

आता भाजीवालीकडे वळू, कारण वादाचं खरं मूळ तिथे आहे. तिचा माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून येतो. घाऊक बाजार पहाटेचा. उशिरा पोहोचणाऱ्याच्या वाट्याला निवडून उरलेला माल. आणलेली मेथी-कोथिंबीर दुपार कलली की मान टाकते, कितीही पाणी मारलं तरी कालची जुडी आजच्या भावाने जात नाही. माल आणायचा टेम्पो चार-सहा जणांनी मिळून ठरवलेला असतो आणि तो एकासाठी थांबत नाही. आडत्याची उधारी ठरल्या दिवशी फेडायची असते. शेजारचे गाळे उघडलेले आणि आपलाच बंद, हे सगळ्या बाजाराला दिसतं. नेहमीचं गिऱ्हाईक दोनदा परत गेलं की तिसऱ्यांदा पलीकडच्याकडे जातं. नाशवंत माल, टेम्पो, उधारी, शेजार, गिऱ्हाईक : इतकी मंडळी तिला उठवायला उभी आहेत. यात मनोवृत्तीला किती काम उरतं? पडताळा हवा असेल तर शनिवार पाहावा. यार्डाच्या फळ-भाजी विभागाला शनिवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि रविवारी आवक वाढलेली असते. जी शिस्त म्हणे रक्तात मुरलेली आहे, ती शनिवारी पहाटे यार्डाची वाट धरत नाही आणि रविवारी मात्र न चुकता हजर होते. तिचं वेळापत्रक बाजार समितीने ठरवलेलं आहे. शिवाय, शिस्त जर स्वभावातच असेल तर ती सगळीकडे दिसायला हवी. मग याच बाईला रक्तदाबाची गोळी वेळेवर घेणं, गुडघ्यांचा व्यायाम रोज करणं तितकंच सहज जमतं का, हे व्याख्याते कधी विचारत नाहीत. गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून दारात कुठला टेम्पो हॉर्न वाजवत नाही, एवढाच काय तो फरक, आणि तोच निर्णायक आहे. मानसशास्त्रज्ञ वेंडी वुड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना दिवसभराच्या नोंदी ठेवायला लावल्या, तेव्हा सुमारे ४३ टक्के कृती जवळपास रोज, त्याच जागी, मन दुसरीकडे असताना होत असल्याचं आढळलं. जागा आणि वेळ ठरलेली असली की कृती निर्धारावाचून घडते. मंडई हे त्याचं रोज पाहायला मिळणारं उदाहरण आहे. आणि अन्याय तो असा : ही बाई तापातही गाळ्यावर बसते, कारण तिला पगारी रजा नाही. तिचा नाइलाज निर्धार म्हणून सजवायचा आणि पगारी रजा असलेल्या श्रोत्यांना त्यावरून लाजवायचं, यात तिचा गौरव कुठे आला?

हा डाव जुनाच आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा कामगारांनी चहा, विडी आणि तमाशा सोडला तर गरिबी आपोआप हटेल, असं सांगणारे होते. मजुरी, व्याजाचे दर आणि चाळीतल्या खोलीचं भाडं यांबद्दल त्यांना बोलायचं नसे. आज त्याच्या जोडीला दुसरा एक वाद असतो, संकल्प १ जानेवारीला करावा की गुढीपाडव्याला. व्यापारी वहीपूजन दिवाळीत करतात, शाळेचं वर्ष जूनमध्ये उघडतं, आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये. नवा आठवडा, नवा महिना, वाढदिवस असं काहीही निमित्त मिळालं की लोक व्यायामाकडे वळतात, हे २०१४ सालच्या एका अभ्यासात दिसलं आहे. निमित्त सुरुवात करून देतं, पुढे चालवत नाही. तेव्हा या भांडणात कोणीही जिंकलं तरी फेब्रुवारी तोच.

आता वाढीच्या मनोवृत्तीबद्दल. बुद्धी घडवता येते, असं मानणारा माणूस अपयशानंतर अधिक चिकाटी धरतो, हे मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांचं म्हणणं मला पटतं. पण ते तपासायला अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर जो मोठा प्रयोग झाला, त्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष कार्यशाळांत कोणी सांगत नाही. तासाभराहूनही कमी वेळाच्या पाठाने मागे पडलेल्या मुलांचे गुण चार गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी ०.१ ने वाढले, आणि ते मुख्यतः जिथे वर्गमित्रांत अवघड प्रश्नाला भिडण्याची रीत होती तिथे. त्याच प्रयोगाच्या पुढच्या विश्लेषणात असं दिसलं की ज्या वर्गातल्या गणिताच्या शिक्षकाचाच मुलांच्या वाढीवर विश्वास नव्हता, तिथे हा पाठ फळला नाही. म्हणजे विश्वास आधी शिकवणाऱ्याचा हवा. पुणेकरांना हे परदेशातून शिकण्याची गरज नव्हती. ज्या मंडईचा दाखला दिला जातो तिची इमारत १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने उभी राहिली. बाजाराच्या इमारतीवर एवढा खर्च करण्यापेक्षा तो पैसा शिक्षणावर घाला, असं म्हणत जोतीराव फुल्यांनी तिला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तिलाच फुल्यांचं नाव मिळालं. याच जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये, मंडईपासून पायी जाता येईल अशा भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, आणि १८५५ मध्ये दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रशाळा. ज्यांना शिकता येणारच नाही असं सगळं शहर म्हणत होतं, त्यांना शिकता येतं हा विश्वास त्यांनी धरला, आणि मुलींना मनोवृत्ती बदलण्याचा उपदेश करत न बसता वर्ग उघडला. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली. मुलाचा निर्धार पारखून मग शाळा देऊ, असं ते म्हणाले नाहीत.

मग सवयी लावायच्या कशा? उत्तर त्याच गाळ्यावर संध्याकाळी येतं : पिग्मी एजंट. दैनिक ठेवीची ही योजना १९२८ मध्ये उडुपीच्या एका बँकेने, म्हणजे पुढच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली. दोन आण्यांपासून पैसे घ्यायला माणूस दारात येई. आज गावोगावच्या पतसंस्थांत ती पद्धत रुजली आहे. पिग्मीवर व्याज मुदत ठेवीपेक्षा कमी आणि मुदतीआधी मोडली तर कपात, हे गाळेधारकाला ठाऊक असतं. किलोमागे एका रुपयासाठी घासाघीस करणारा हा माणूस इथे व्याज सोडतो, कारण रोज कोणीतरी समोर येऊन उभं राहण्याची किंमत त्याला कळते. भिशीचंही तेच : हप्ता चुकला तर बाकीच्यांना तोंड दाखवायचं असतं. राज्याच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. नोंदलेल्या हमालाची मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळाकडे जमा होते, त्यातून भविष्यनिर्वाह निधी साठतो. पिढ्यान्‌पिढ्या उधळे म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसांच्या नावावर म्हातारपणाची पुंजी जमली, ती कायद्याने आणि तो मिळवणाऱ्या संघटनेच्या बळावर.

यावर आक्षेप येईल की मग इच्छाशक्तीला काहीच स्थान नाही का? आहे, पिग्मीचं खातं उघडताना ती लागते, भिशीत नाव घालताना लागते. रोज नव्याने लागत नाही, आणि तिथेच तिचा उपयोग आहे. दुसरा आक्षेप, की पतसंस्था बुडतात आणि लोकांची बचत घेऊन जातात. हे दुर्दैवाने खरं आहे, म्हणून देखरेख कडक हवी. एजंटाच्या जागी प्रेरणादायी भाषण ठेवून बुडालेला पैसा परत येणार नाही. तिसरा, की कार्यालयातल्या माणसाला कुठला टेम्पो आणि कुठला आडत्या? त्यालाही मिळू शकतो. ज्याला वाचायचं आहे त्याने शेजाऱ्याबरोबर ठरलेल्या रात्री बसावं, ज्याला चालायचं आहे त्याने दारावर थाप मारणारा सोबती गाठावा. पण याचा मोठा वाटा कार्यालयाचाच आहे. जानेवारीत व्याख्याता बोलावून कर्मचाऱ्यांना पहाटे उठण्याचे धडे देणाऱ्या कार्यालयांना माझा प्रश्न आहे : त्याच कर्मचाऱ्याला रात्री साडेदहाला कामाचे संदेश पाठवणं तुम्ही कधी बंद करणार?