घशाच्या ऑपरेशनची हत्यारे : आधी हात मोजा, मग खरेदी करा



विहिरीला पाणी किती, हे न बघता मोटारीची अश्वशक्ती ठरवणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. दवाखान्याला उपकरणे भेट देतानाही हाच हिशेब हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. मी उसाचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण देणगी सभासदांच्या घामाची असते, म्हणून चार शब्द लिहितो.

सोलापूरच्या वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर मदतीला असतात. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र बहुधा एक सर्जन, एक भूलतज्ज्ञ आणि एक सिस्टर एवढ्यावरच टॉन्सिलचे ऑपरेशन निभावायचे असते.

ऑपरेशन चालू असताना पोराचे तोंड उघडे ठेवायला ‘माउथ गॅग’ लागतो. डॉयेनचा गॅग बाजूने जबडा फाकवतो; जीभ दाबायला वेगळी पट्टी आणि ती धरायला आणखी एक हात लागतो. बॉइल-डेव्हिस गॅगला जिभेची पट्टी जोडलेलीच असते. तो ड्रॅफिनच्या दोन दांड्यांना अडकवला, की कोणी धरून उभे राहायला नको. सर्जनचे दोन्ही हात मोकळे. माणसे कमी तिथे हाच घ्यावा.

पण नुसत्या गॅगने भागत नाही. पट्ट्या सगळ्या मापांच्या हव्यात. लांब पट्टी लहान पोराच्या घशात रुतते, आखूड पट्टीमागून जीभ वर येते. श्वासाची नळी बसेल अशी खाच असलेली पट्टी मागावी, कारण नळी दबली तर श्वासच अडतो. आणि संच दोन असावेत : एक वापरात, एक निर्जंतुक होत असलेला.

कोणी म्हणेल, दांड्या आल्या म्हणजे एक माणूस कमी करता येईल. हे मला साफ नामंजूर आहे. दांड्या हात मोकळा करतात, नजर देत नाहीत. सहा-सात वर्षांच्या पोराचे हलते दात आधी बघायला, घशात ठेवलेले गॉज मोजून बाहेर काढायला डोळस माणूसच लागतो.

तेव्हा मोठ्या मशीनवर देणगीदारांची पाटी लावण्याआधी त्या दवाखान्याच्या सर्जनला, भूलतज्ज्ञाला आणि सिस्टरला विचारा, ‘तुमच्याकडे हात किती?’ उत्तर ऐकून मगच चेक फाडा. जीव आपल्याच पोरांचा आहे.

– ऊसविकास अधिकारी