माशाची मनधरणी

दिवाळी तोंडावर आली की घराला रंग द्यावयाचे निघते आणि घरातील एकेका वस्तूची उचलबांगडी सुरू होते. या धांदलीत माशांच्या काचपेटीची आठवण सर्वांत शेवटी होते. वास्तविक ती सर्वांत आधी व्हावयास हवी. रंगाचा उग्र दर्प हवेच्या पंपावाटे थेट पाण्यात शिरतो आणि माशांना बाधतो. तेव्हा रंगारी येण्यापूर्वी मासे दुसऱ्या खोलीत हलविणे आले. आणि हलवायचे म्हणजे आधी धरणे आले.

संथ स्वभावाचा गोल्डफिश निमूटपणे हाती येतो. प्रश्न असतो तो झेब्रा माशासारख्या चपळ मंडळींचा. हा जेमतेम दीड इंचाचा, निळ्या पट्ट्यांचा मासा मूळचा आपल्याच देशातला. गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील ग्रंथात फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली त्याचे वर्णन केले. डोळ्यांनी तर तो जाळे पाहतोच. पण त्याच्या कुशीवरील पार्श्वरेषेला पाण्याची बारीकशी हालचालही कळते. जाळे पाण्यात पुरते शिरण्याआधीच स्वारी दुसऱ्या टोकाला!

आमचे एक स्नेही असेच बारा झेब्र्यांच्या मागे अर्धा तास लागले होते. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, मासे धरताय की ताक घुसळताय?" अखेर मासे हाती लागले; पण सकाळी त्यांतले तीन बादलीच्या तळाशी होते. "बाबा, यांना काय झालं होतं?" असे त्यांच्या धाकट्या मुलीने विचारले. त्यांना आजार कोणताच नव्हता. त्यांचा बळी घेतला होता तो पाठलागाने.

जीव घेऊन पळताना माशाच्या स्नायूंत आम्ल साठते, अंगातला प्राणवायू पुरेनासा होतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो, पण कधी कधी काही तासांनी मरतो. शिवाय जाळ्याच्या घर्षणाने अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की रोगजंतूंना वाट मोकळी. शास्त्रज्ञांना झेब्रा माशावर ताणाचा अभ्यास करावयाचा असतो, तेव्हा ते काय करतात ठाऊक आहे? त्याला जाळ्यात धरून थोडा वेळ पाण्याबाहेर ठेवतात! एवढ्याने त्याच्या अंगातील कॉर्टिसॉल वाढते. माणूस घाबरला की त्याच्याही रक्तात वाढते ते हेच द्रव्य.

म्हणून माझा नियम असा की माशामागे आपण जाऊ नये, त्यालाच आपल्याकडे येऊ द्यावे. कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे धरताना हेच करतात. बांबूच्या कामट्यांचा सापळा प्रवाहात लावायचा. त्याचे तोंड आत निमुळते होत गेलेले. मासा सहज आत शिरतो, पण त्याला परतीची वाट सापडत नाही. घरी प्लॅस्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवला की तोच सापळा तयार. आत चिमूटभर खाद्य टाका, बाटली पेटीत आडवी ठेवा आणि स्वस्थ बसा. मासे आदल्या दिवशी उपाशी असले तर काम लवकर होते. मात्र बाटलीवर नजर हवी. फार वेळ कोंडले तर मासे आत गुदमरतील.

जाळेच वापरायचे असेल, तर ते चारपाच दिवस आधीपासून खाद्य टाकण्याच्या कोपऱ्यात नुसते बुडवून ठेवावे. माशांना त्याची सवय होते. प्रत्यक्ष धरताना प्रथम वनस्पती आणि दगड हलक्या हाताने काढावेत, निम्म्याहून अधिक पाणी स्वच्छ बादलीत उतरवून घ्यावे आणि मग दोन जाळी घ्यावीत. मोठे, मऊ विणीचे जाळे कोपऱ्यात स्थिर धरावे आणि लहान जाळ्याने मासे सावकाश तिकडे वळवावेत. धावायचे ते माशांनी, आपल्या हाताने नव्हे! दोनतीन मिनिटांत जमले नाही, तर जाळे बाजूला ठेवून तासभर थांबावे.

रात्रीची वेळ त्याहून चांगली. दिवे घालवून तासाभराने गेलात तर झेब्रे पेंगुळलेले असतात. मंद विजेरीच्या उजेडात ते फारसे पळत नाहीत. पण खोलीतला मोठा दिवा एकाएकी लावू नका. माशांना पापण्या नसतात, ते दचकून काचेवर आपटतात.

मासा जाळ्यात आला की जाळे उचलण्याआधी त्याच्याखाली पाण्यातच एखादे भांडे धरावे आणि पाण्यासकट त्याला बाहेर काढावे. बादलीत पेटीतलेच पाणी हवे, पंपाची नळी सोडलेली हवी आणि वर झाकण हवे, कारण झेब्रा पट्टीचा उडी मारणारा.

रंग पुरता वाळून दर्प गेला की मासे परत सोडावेत, तेही दोन्हीकडच्या पाण्याची ऊब सारखी झाल्यावरच. त्या दिवशी त्यांना खाऊ घालण्याची घाई करू नये. साऱ्या घरात दिवाळीचे दिवे लागले तरी माशांच्या पेटीत त्या एका रात्री अंधारच असू द्यावा.