उपाधीच्या वादात हरवलेली नोंदवही

फिजिओथेरपिस्टने नावापूर्वी ‘डॉ.’ लावावे की नाही, हा वाद गेल्या वर्षी एका दिवसात दोनदा फिरला. ९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ही उपाधी वापरण्यास मनाई करणारे पत्र काढले. १९१६ च्या भारतीय वैद्यकीय पदवी कायद्याचा आधार त्यासाठी घेण्यात आला होता. दुसऱ्याच दिवशी, या विषयाचा अधिक विचार व्हायला हवा, असे सांगून ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी आयोगाने जाहीर केलेल्या नव्या अभ्यासक्रमात मात्र नावापूर्वी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावण्यास मुभा होती. सरकारच्या दोन यंत्रणा परस्परविरोधी बोलत असताना सामान्य रुग्णाने कोणावर विश्वास ठेवायचा?

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. पाठदुखीमागे कधी मणक्याचा क्षय असतो, कधी कर्करोग. निदानाआधीच व्यायाम किंवा दाब दिल्यास अपाय होऊ शकतो, ही वैद्यकीय संघटनांची भीती निराधार नाही. दुसरीकडे, पक्षाघातानंतर रुग्णाला पुन्हा उभे करणारे शास्त्र अनेक वर्षांच्या पदवी शिक्षणातून येते. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने या व्यावसायिकांना ‘आरोग्यसेवा व्यावसायिक’ असा दर्जा दिला असून त्यासाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरवले आहे.

परंतु उपाधीच्या या भांडणात खरा प्रश्न मागे पडला. अल्पमुदतीचा वर्ग करून, विजेवर चालणारी दोन यंत्रे मांडून दवाखाना थाटणाऱ्याला ‘डॉ.’ काढायला लावले, तरी त्याचे हात थांबत नाहीत. त्याला रोखू शकते ती नोंदवही: कोण शिकलेला आहे, कोठे शिकला, त्याच्याविरुद्ध तक्रार आहे का, हे कोणालाही पाहता येईल अशी.

ही नोंदवही आजवर राज्याच्या सीमेनुसार बदलत आली. दिल्लीने १९९७ मध्ये, महाराष्ट्राने २००२ मध्ये, गुजरातने २०११ मध्ये स्वतंत्र कायदा केला. मध्य प्रदेशात हे काम सहवैद्यकीय परिषदेकडे होते. कित्येक राज्यांत काहीच नव्हते. बेळगावात शिकून गोव्यात व्यवसाय करणारा, इंदूरची पदवी घेऊन पुण्यात येणारा तरुण कोणाला उत्तरदायी, याचे उत्तर गावागणिक बदलत असे.

२०२१ चा कायदा या विस्कळीतपणावरचा उपाय म्हणून आला. प्रत्येक राज्याने सहा महिन्यांत परिषद स्थापावी, राज्य व केंद्र अशी जोडलेली नोंदवही असावी, असे त्यात म्हटले होते. प्रत्यक्षात मुदत उलटून गेली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. कागदावरील परिषद आणि कामाला लागलेली परिषद यांत फरक असतो. सदस्यांच्या नेमणुका झाल्या, पण निबंधक नाही, तक्रार ऐकणारी समिती नाही, तर रुग्णाच्या हाती काही लागत नाही.

गोव्यासारख्या लहान राज्याला येथे एक सोय आहे. व्यावसायिकांची संख्या मर्यादित असल्याने संपूर्ण यादी तपासून जाहीर करणे फार कठीण नाही. शेजारच्या राज्यांतून येणाऱ्यांची पदवी पडताळण्याची पद्धत ठरवावी, दवाखान्याच्या फलकावर व पावतीवर नोंदणी क्रमांक सक्तीचा करावा आणि तक्रार मराठी व कोकणीतही स्वीकारावी. फलकावर ‘डॉ.’ असो वा ‘पीटी’, त्याखालचा क्रमांक पडताळता आला, तर फसवणुकीची वाट बरीच अरुंद होईल. अन्यथा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या वृद्धेला, दारात उभा असलेला माणूस शिकलेला आहे की नाही, हे त्याच्या आत्मविश्वासावरूनच ठरवावे लागेल.