नाव एसटीचे, चालक ठेकेदाराचा

जुलै 2025 मध्ये इंडिगोने मुंबईहून ॲमस्टरडॅमला थेट विमान सुरू केले. तिकीट इंडिगोचे, पण विमान आणि वैमानिक नॉर्स अटलांटिक या नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने घेतलेले. अमेरिकेत हा प्रकार जुनाच आहे. तिकिटे विकणार बडी कंपनी. लहान शहरांची उड्डाणे करणार कमी पगारावर माणसे राबवणारी छोटी कंपनी. 12 फेब्रुवारी 2009 रोजी बफेलोजवळ असेच एक विमान कोसळून 50 जणांचा बळी गेला. नाव कॉन्टिनेन्टलचे होते, चालवत होती कोलगन एअर. मग 2010 साली तिथे कायदा झाला, की विमान प्रत्यक्षात कोण चालवणार हे तिकीट विकतानाच सांगितले पाहिजे.

चेलाडी फाट्यावर वेल्ह्याच्या (सरकारदरबारी आता राजगड तालुका) गाडीची वाट पाहणाऱ्याला विमानाशी काय घेणे? घेणे आहे. हीच पद्धत त्याच्या एसटीत शिरली आहे. 2017 साली सुरू झालेल्या शिवशाहीतल्या बऱ्याच गाड्या ठेकेदारांच्या होत्या. नाव व तिकीट महामंडळाचे, गाडी व चालक ठेकेदाराचा, मोबदला किलोमीटरमागे. पुढे 5,150 इलेक्ट्रिक गाड्यांचा करारही भाडेतत्त्वावरच झाला. गाड्या वेळेत आल्या नाहीत, तेव्हा मे 2025 मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी तो रद्द करण्याचे आदेश दिले. त्याच मंत्र्यांनी सप्टेंबरमध्ये 17,450 चालक व सहाय्यक कंत्राटी पद्धतीने घेण्याची घोषणा केली!

आमचा सवाल इथेच आहे. महामंडळाच्या भरतीत आरक्षण पाळावे लागते, बिंदुनामावली दाखवावी लागते. ठेकेदाराला राज्यघटनेचे कलम 16(4) लागू नाही. आरक्षणाला हात न लावता आरक्षण संपवण्याची ही रीत आहे. भोर-वेल्ह्यातल्या बौद्ध, मातंग, कातकरी पोराला एसटीतली नोकरी म्हणजे सरकारी नोकरांसारखी पेन्शन नसली तरी कायम पगार, बँकेचे कर्ज, बहिणीचे लग्न. ठेकेदाराकडे काय? तीन वर्षांचा करार.

ठेकेदार किलोमीटर मोजतो, त्यात त्याचा दोष नाही. स्वारगेट-कापूरहोळ हमरस्त्यावर एक गाडी दिवसभरात जितके किलोमीटर पळेल, तितके तोरण्याच्या पायथ्याच्या वाड्यांना वळसे घालून होणार नाहीत. डिझेल मात्र घाटात जास्त जळते. मग गाड्या कुठे धावतील?

कायदा काय म्हणतो? 1996 साली एअर इंडियाच्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की कंत्राटी पद्धतीवर बंदी आली की झाडलोट करणाऱ्या कामगारांना मूळ मालकाने सामावून घ्यावे. झाडलोट कोणाच्या वाट्याला येते हे सांगायला नको. 2001 साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात घटनापीठाने तो निकाल फिरवला. कामगाराची वाट अरुंद झाली ती तेव्हापासून.

प्रवाशाच्या हाती मात्र एक निकाल आहे. राजस्थान परिवहन महामंडळाने भाड्याने घेतलेल्या बसला अपघात झाला. ‘बस आमची नाही, चालक आमचा नाही,’ असे महामंडळ म्हणाले. 1997 साली सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकले नाही. वाहक तुमचा, चालक त्याच्या हुकमात, तेव्हा भरपाईची जबाबदारीही तुमची. म्हणून भाड्याच्या गाडीला अपघात झाला, तर न्यायाधिकरणापुढच्या अर्जात विमा कंपनी आणि ठेकेदार यांच्याबरोबर महामंडळालाही सामनेवाले करा. आणि तिकीट फेकू नका.