उसाचा काटा, माणसाचा काटा

‘साखरेनं वाळलाय गडी.’ कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांत हे निदान हमखास कानी पडतं. साठीतल्या माणसाला नव्यानं मधुमेह निघाला, पँट कमरेत सैल झाली, की प्रश्न मिटला. वर कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड. निदान सगळंच चूक नाही. बेफाम चढलेली साखर माणसाला वाळवतेच. पण मग गोळ्यांनी साखर आटोक्यात आल्यावर वजन सावरायला हवं. ते उतरतच राहिलं, जेवण जाईना, पोटातून पाठीकडं दुखू लागलं, तरी साखरेलाच धरून बसायचं?

नेहमीच्या मधुमेहात बहुधा आधी पोट सुटतं, मग साखर चढते. इथं साखर चढतेय आणि वजन घटतंय. अशा वेळी स्वादुपिंडाकडं बघावं लागतं. इन्सुलिन तिथंच तयार होतं, आणि तिथला कर्करोग इतर लक्षणं दिसण्याआधी कित्येक महिने साखर बिघडवू शकतो. कावीळ दिसेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो.

दुसऱ्या टोकाचे म्हणतात, मग सरसकट सगळ्या मधुमेह्यांचं सीटी स्कॅन करा. तेही पटत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये असलेले डॉ. सुरेश चारी आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये मांडलेला हिशेब पाहा: पन्नाशीनंतर नव्यानं मधुमेह झालेल्या 2122 जणांत तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला 18 जणांना. शंभरात एकही नाही, तरी अपेक्षेच्या सुमारे आठपट. उरलेल्या 2104 जणांच्या जिवाला घोर कशाला? 2018 मध्ये चारींच्याच गटानं चाळणी सुचवली: वय, साखरेतली वाढ, वजनातला फरक. सीपीआर रुग्णालयाच्या केसपेपरवर मावतील एवढेच आकडे.

‘कळून तरी काय उपयोग?’ असंही विचारतात. गाठ पसरण्याआधी सापडली तरच शस्त्रक्रियेनं बरं होण्याची आशा असते, म्हणून तर ही घाई.

अडतं ते वजनापाशी. कारखान्यावर उसाची काटामारी झाल्याचा नुसता संशय आला तरी रस्त्यावर उतरणारे आपण. वडील दिवाळीत किती किलो होते, विचारलं की गप्प. साखरेच्या वहीत उपाशीपोटीचा आकडा असतो, जेवणानंतरचा असतो, वजनाचा नसतो. (हल्ली मधुमेहाची काही औषधंच वजन उतरवतात, तेव्हा औषध सुरू केल्याची तारीखही तिथंच लिहावी.) मग तपासणीला गेल्यावर मुलाला एवढं तरी सांगता येईल: ‘डॉक्टर, अण्णा दिवाळीला 72 किलो होते, आज 65 आहेत, आणि जेवण त्यांनी मुद्दाम कमी केलेलं नाही.’