गाडीला तहान लागत नाही, गळती लागते!

मे महिन्यातली दुपार. अमरावतीहून अकोल्याला निघालेली कार मूर्तिजापूरजवळ येते आणि डॅशबोर्डवर कूलंट कमी असल्याचा दिवा लागतो. मागच्या सीटवरून सल्ला ठरलेला, 'टाक ना बे पानी, काई होत नाई!' वऱ्हाडात हा सल्ला महागात पडतो.

कूलंट पेट्रोलसारखं खर्च होत नाही, बंद यंत्रणेत फिरत राहतं. पातळी वारंवार उतरत असेल तर होज पाइप, क्लॅम्प, रेडिएटर, वॉटर पंप, कुठंतरी गळती आहेच. पाणी ओतल्यानं दिवा विझतो, गळती तशीच राहते.

शिवाय पाणी कुठलं? अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णा खोऱ्याचा मोठा भाग खारपाणपट्टा आहे. जे बोअरचं पाणी आपण तोंडात धरत नाही, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ओततो. मग क्षार साचतात, धातू गंजतो. 'आपल्याकडं कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला?' हा प्रश्नही चुकीचा. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण साध्या पाण्यासारखं १०० अंशांवर नाही, तर सुमारे १०७ अंशांवर उकळतं. झाकणाच्या दाबामुळं ही मर्यादा आणखी वर जाते. मे २०२४ मध्ये ज्या अकोल्यात उन्हामुळं कलम १४४ लावावं लागलं, तिथं हे जास्तीचे अंश मोलाचे आहेत.

नुसता पातळीचा दिवा असेल आणि तापमानाचा काटा जागेवर असेल, तर एसी बंद करून सावकाश सुरक्षित जागा गाठा. तापमानाचा लाल दिवा लागला तर मात्र 'बोरगाव मंजूपर्यंत नेऊ' म्हणू नका. तिथंच कडेला घ्या, इंजिन बंद करा. भरधाव गाडीला वारा लागतो, त्यामुळं दुखणं झाकलं जातं आणि टोलच्या रांगेत उघड होतं. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. आतलं द्रव दाबाखाली असतं, उसळलं तर चेहरा भाजतो. इंजिन निवल्यावर जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करा. कूलंट नसेल तर बाटलीबंद पाणी चालेल, तेही फक्त गॅरेजपर्यंत. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आहे.

अनेक छोट्या गाड्यांत पातळीचा दिवाच नसतो. तिथं सकाळी थंड इंजिनावर टाकीवरच्या मिन-मॅक्स रेषा बघायच्या, दुसरा उपाय नाही. गाडीखालचं स्वच्छ, बिनवासाचं पाणी बहुधा एसीचं असतं. हिरवं किंवा गुलाबी, बुळबुळीत असेल तर कूलंट. ते चवीला गोडसर पण विषारी असतं, कुत्र्या-मांजरांनी चाटण्याआधी धुऊन टाका.

आणि गॅरेजवाला नुसता टॉप-अप करून चावी देत असेल, तर घेऊ नका. प्रेशर टेस्ट करायला लावा आणि गळती डोळ्यांनी बघूनच गाडी बाहेर काढा.